शर्यतीने शिकवले थांबायला

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



"मोटार शर्यतीचा आपल्या रोजच्या गाडीला काय उपयोग?" या विषयावर बोला, असे कार्यवाहांनी सांगितले. तरुण मंडळींना वाटले असेल, आता वेगाच्या गोष्टी ऐकायला मिळणार. पण मी ब्रेकच्या धंद्यातला माणूस. मी थांबण्याबद्दल बोलणार आहे.

1996 साली गणपतीसाठी आम्ही चेन्नईहून रत्नागिरीला गाडीने निघालो होतो. गाडी जुनी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बरोबर आई-वडील, पत्नी आणि भरपूर सामान. आंबा घाट उतरताना मी गाडी चौथ्या गिअरमध्येच ठेवली होती, पाय सतत ब्रेकवर. निम्म्या घाटात जळका वास आला आणि मग पेडल कितीही दाबले तरी गाडी आवरेना. शेजारी बसलेले वडील एवढेच म्हणाले, "गिअर उतरव. घाबरू नकोस." तिसरा टाकला, मग दुसरा. डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी उभी राहिली. आई बराच वेळ बोललीच नाही. चूक माझीच होती, आणि मी ब्रेकचा इंजिनिअर!

झाले होते काय? गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ड्रममध्ये ब्रेक शू आतून बाहेर दाबले जातात. उष्णता आत कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो आणि लायनिंगची पकडही सुटते. याला आम्ही 'ब्रेक फेड' म्हणतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी असते आणि दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. तिला वारा लागतो. तापून ती किंचित जाड झाली, तरी पॅडच्याच दिशेने सरकते.

या कल्पनेचे पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी 1902 सालीच घेतले होते. पुढे विमानांच्या चाकांवर ती रुळली. पण मोटारवाल्यांचा विश्वास बसला तो शर्यतीत. फ्रान्समधील ल माँ येथे 24 तासांची शर्यत होते. त्या काळी तिथे सुमारे 6 किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला एकदम वळण. दर फेरीला तिथे ब्रेकची परीक्षा, रात्रीसुद्धा. 1953 साली जॅग्वारने आपल्या सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवले. ड्रमवाल्यांना वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक लावावा लागे. जॅग्वारचे चालक उशिरा लावत आणि तरीही वेळेत थांबत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन ताशी सरासरी 170 किलोमीटर वेगाने जिंकले. दोनच वर्षांत, 1955 साली, सित्रोएनची डी.एस. ही घरगुती गाडी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घेऊन बाजारात आली. आज लहान गाडीलाही पुढे डिस्क असते.

शर्यतीने डिस्क ब्रेक शोधला नाही, हे लक्षात घ्या. तिने तो तापवून, झिजवून, हजारो लोकांसमोर पारखला. प्रयोगशाळेत अनेक महिने लागणारी परीक्षा तिथे एका दिवस-रात्रीत होते.

मात्र सगळेच शर्यतीतून येते असे नाही. तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट 1959 साली व्होल्वोने दिला, तो रस्त्यासाठीच. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवणारी टोयोटा प्रियस 1997 साली जपानच्या रस्त्यावर आली. फॉर्म्युला वनमध्ये तशी पद्धत 2009 साली. आणि एबीएसची तर गंमतच आहे. चाक लॉक होऊ न देणारी ही यंत्रणा फॉर्म्युला वनमध्ये 1994 पासून चालत नाही, कारण तिथे चालकाचे कौशल्य पाहायचे असते. आपल्याकडे उलट: 2018-19 मध्ये मोटारींना आणि 125 सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे तुमच्या मुलाच्या मोटारसायकलला जे संरक्षण आहे, ते जगज्जेत्याच्या गाडीला नाही!

म्हणून तरुण मित्रांना विनंती. चांगला ब्रेक हा जास्त वेगाने जाण्याचा परवाना नव्हे. शर्यतीच्या चालकासमोर मोकळा मार्ग असतो, पुढे काय आहे ते झेंडे दाखवून सांगणारी माणसे असतात. आपल्यासमोर शाळेतून सुटलेले पोर असते.

आणि घाटात डिस्क ब्रेकही तापतो. ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि मग लवकर उकळते, तेव्हा ते वेळच्या वेळी बदला. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. हे मला कुठल्याही शर्यतीने शिकवले नाही. वडिलांनी शिकवले, आंबा घाटात.

गणपती बाप्पा मोरया!