चिनी भाषेचं दुसरं वर्ष

अमेरिकेतल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत २०१३ साली सुमारे ६१ हजार विद्यार्थी चिनी भाषा शिकत होते. २०२१ मध्ये तो आकडा ४६ हजारांच्या घरात आला. मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही तिथली संस्था अधूनमधून अशी मोजदाद करते, तिचे हे आकडे.

कारण विचारलं की राजकारणाकडे बोट जातं. ते खोटं नाही. दोन्ही देशांचं बिनसलं, चीन सरकारच्या पाठबळाने तिथे चिनी शिकवणाऱ्या कन्फ्यूशियस संस्था एकेक करून बंद झाल्या, कोविडमध्ये चीनचे दरवाजे लागले. एकूणच परकीय भाषांचे वर्ग रोडावले. तरी त्याच काळात कोरियन शिकणारे मात्र वाढत गेले. गाणी आणि मालिका त्यांना वर्गाबाहेरही कोरियन ऐकवत होत्या. चिनीच्या वर्गातल्या मुलाला संध्याकाळी घरी त्या भाषेत करण्याजोगं काय असतं? माझ्या मते खरी मेख इथे आहे.

पहिलं वर्ष मजेत जातं. स्वतःचं चिनी नाव मिळतं, कुंचल्याने अक्षरं गिरवायची, सणाला डम्पलिंग करायचे. नव्याचे नऊ दिवस संपतात ते दुसऱ्या वर्षी. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. चिनीत कामापुरतं तयार व्हायला वर्गातले २२०० तास लागतात, असा त्यांचा हिशोब आहे. स्पॅनिशला ६०० ते ७५० पुरतात. आता विद्यापीठात आठवड्याला पाच तास, वर्षाला तीसेक आठवडे धरा. चार वर्षांचे झाले ६०० तास. तेवढ्यात शेजारच्या वर्गातली मैत्रीण स्पॅनिश वर्तमानपत्र चाळू लागते आणि आपला विद्यार्थी अजून पाठ्यपुस्तकातल्या विमानतळावर सामान शोधत असतो. कंटाळा येणारच.

मग चांगले शिक्षक काय करतात? काही जण हाताने लिहिण्याचा आग्रह सैल करतात. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा, फोनवर चिन्हांची रांग उमटते, त्यातलं बरोबर ते निवडायचं. निवडायला ओळखता आलं पाहिजे, काढता आलंच पाहिजे असं नाही. जुन्या वळणाच्या शिक्षकांना हे रुचत नाही. पण पहिल्याच सत्रात विद्यार्थी चिनीत निरोप धाडू लागतो, हा फायदा मला मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट, चिन्हं सुटी सुटी घोकायला लावायची नाहीत. बहुसंख्य चिन्हांत एक भाग उच्चार सुचवतो, दुसरा अर्थाचा इशारा देतो. 'छिंग' हा उच्चार सुचवणारा एक भाग घ्या. त्याला पाण्याची खूण जोडली की अर्थ 'स्वच्छ, नितळ', सूर्याची जोडली की 'निरभ्र', बोलण्याची जोडली की 'विनंती करणं'. सूर बदलतो, कुटुंब तेच राहतं. हे एकदा उमगलं की मुलं नवं चिन्ह दिसताच स्वतःहून अंदाज बांधू लागतात.

आणि वाचायला गोष्टी हव्यात. साधारण तीनशे चिन्हांत बसवलेल्या शेरलॉक होम्सच्या कथा आता मिळतात. त्या साहित्य म्हणून थोर नाहीत, पण अख्खं पुस्तक संपवल्याचं समाधान पाठ्यपुस्तक देत नाही.

गरज असली की भाषा किती लवकर येते, याचा दाखला आपल्या सोलापूरचाच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून युद्धात सापडलेल्या चीनला गेले, रुग्णांत आणि सैनिकांत राहून भाषा शिकले आणि पुढे तिथल्या वैद्यकीय शाळेत चिनीतूनच शिकवू लागले. युद्धभूमी कोणी वर्गात आणू शकत नाही. पण गरज तयार करता येते. अमेरिकेत व्हर्मांटमधलं मिडलबरी कॉलेज १९६६ पासून उन्हाळ्यात चिनी शाळा चालवतं. तिथे विद्यार्थी लेखी शपथ घेतात, की अभ्यासक्रम संपेपर्यंत शिकतोय तीच भाषा बोलू. जेवणाच्या टेबलावर मीठ हवं, तरी चिनीत मागायचं.

एक अडचण मात्र शिक्षकाच्या हातातली नाही. वरच्या वर्गात पाच-सहाच मुलं उरली की प्रशासन तो वर्ग बंद करतं, आणि वर वाट बंद दिसली की खालचे विद्यार्थीही दुसरा विषय घेतात. अमेरिकेतल्या 'बिग टेन' या गटातली विद्यापीठं कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषांचे वर्ग व्हिडिओच्या मदतीने आपसांत वाटून घेतात. चिनीचा चौथ्या वर्षाचा वर्गही असा तीन विद्यापीठांनी मिळून चालवला, तर पंधरा मुलं सहज जमतील.