द्राक्षबागेतील पांढरी अळी

(तासगाव येथे द्राक्षबागायतदारांसमोर केलेल्या भाषणावरून)



मी कलाशाखेचा पदवीधर. कीटकांची जी थोडीफार ओळख झाली ती आपल्याच बांधांवर, आणि तीही एका चुकीतून.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, तासगावकरांना नवा नाही. खोडाच्या सुटलेल्या सालीखाली तो दडतो आणि मणी पक्व होऊ लागले की घडात शिरतो. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते व घडाची किंमत जाते. क्रिप्टोलिमस हा मूळचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा या किडीवर जगतो. १८९८ साली तो भारतात आणला गेला. त्याचे पंख काळे, डोके नारिंगी. त्याची अळी मात्र अंगावर मेणाचे पांढरे धागे वागविते, त्यामुळे ती थेट मिलीबगसारखी दिसते. एका बागेत अशा दोन-तीन अळ्या मी कीड समजून चिरडल्या. मालकांनी माझा हात धरला, तेव्हा उमगले. अळीचे धागे लांब असतात आणि काडीने डिवचताच ती झपाझप चालू लागते; मिलीबग जेमतेम हलतो.

तीव्र कीटकनाशक सरसकट फवारले की सालीआडचा मिलीबग बचावतो, उघड्यावर फिरणारा भुंगेरा मात्र मरतो. पुढे कीड दुणावते, फवारणीही दुणावते. मुंग्यांकडेही लक्ष हवे. त्या स्रावाच्या लोभाने मिलीबगची राखण करितात, भुंगेऱ्यांना हुसकावितात. म्हणून सुटलेली साल काढणे व मुंग्यांची वारुळे मोडणे ही कामे भुंगेरे सोडण्यापूर्वीच उरकावीत.

मित्रकीटकांवर विसंबावे कसे, असे काही जण विचारतात. त्यांनी उसाचा लोकरी मावा आठवावा. जुलै २००२ मध्ये तो आपल्या सांगली जिल्ह्यात आढळला व पुढे राज्यभर पसरला. उंच उसात फवारणी करणे जिकिरीचे होते. पुढे डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे कीटक माव्यावर तुटून पडलेले दिसले. जेथे ते होते तेथे फवारणी थांबविण्याचा सल्ला देण्यात आला. अळ्या असलेली पाने काढून दुसऱ्या फडात नेऊन बांधली गेली. काही वर्षांतच मावा ओसरला.

येथे टेबलावर दोन फांद्या ठेविल्या आहेत. एकीवर मिलीबग आहे, दुसरीवर ती अळी. भिंगही आहे. एकेकाने पुढे यावे आणि कोणती कोणती ते मला सांगावे.