म्हातारी मनी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमची मनी चौदा वर्षांची. वाळूचे घमेले सोडून ती देवघरापाशी लघवी करू लागली, तेव्हा मी तिला फटका दिला. त्याची आजही लाज वाटते. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की, सांधे दुखत असल्याने तिला घमेल्याची उंच कड ओलांडवत नाही आणि मूत्रपिंडे थकल्याने तहान व लघवी दोन्ही वाढली आहेत. मग दोन उथळ ट्रे आणले, एक तिच्या निजण्याच्या जागेजवळ ठेवला, वाळू दिवसातून दोनदा साफ करू लागले. देवघर कोरडे राहिले.

त्याच दिवसांत सासूबाईंचे अंथरूण ओले होई आणि मी कपाळाला आठ्या घालून चादरी धूत असे. आता आधी विचारते, "आई, दुखतंय का कुठं?"