मोशीच्या कामगारांसाठी मोफत कायदेसल्ला

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी आणि चाकण यांच्या मधलं मोशी. इथल्या भाड्याच्या खोल्यांत लातूर, बीडपासून बिहारपर्यंतचे कामगार राहतात. ठेकेदारानं पगार अडवला, तर दाद कुठे मागायची? वकिलाची फी परवडत नाही, म्हणून अनेक जण गप्प बसतात.

तसं बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. महिलांनाही मिळतो, उत्पन्न कितीही असो.

या हक्काची पहिली पायरी म्हणजे विधी स्वयंसेवक. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन हे काम करतात. कोर्टात ते युक्तिवाद करत नाहीत, पण तुमचं ऐकून घेतात, अर्ज लिहायला मदत करतात, योग्य कार्यालयाची वाट दाखवतात. माझ्या मते, घाबरलेल्या माणसाला या धीराची गरज आधी असते.

मदत मागायला जाताना हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेचं पासबुक सोबत न्या. पगार रोखीनं मिळत असेल, तर तारखा आणि रकमा आजपासूनच वहीत लिहून ठेवा. ही मदत देणारं पुण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयात आहे. तिथवर जाणं जमत नसेल, तर 15100 या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि हा क्रमांक शेजारच्या खोलीतही सांगा.