मावळच्या वाटा कोणाच्या?

(मावळ तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पाण्याचा, पुनर्वसनाचा, कंत्राटी कामगारांचा प्रश्न समोर असताना सायकलीच्या कच्च्या वाटांवर वेळ कशाला घालवायचा, असे कोणी मनात म्हटले असेल तर त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे एवढेच की हा प्रश्नही जमिनीचाच आहे. गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता ही गावाची सामाईक मालमत्ता आहे. ती आपल्या डोळ्यांदेखत घटत आहे आणि तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

मावळ हा वाटेवरचा मुलूख. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी घाटमार्गाने चालणाऱ्या व्यापाराच्या आश्रयाने दोन हजार वर्षांपूर्वी उभी राहिली. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. १९१५ साली लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडकडे गेले. धरणग्रस्तांपैकी अनेकांचे पुनर्वसन मात्र दशकानुदशके रखडले. २००२ साली साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. त्यावर बैलगाडीला, सायकलीला, पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. ज्यांची जमीन त्या मार्गाखाली गेली, त्यांना त्यावर पाऊल ठेवण्याचा अधिकार नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणारे शेतकरी बऊर येथे ह्याच मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. मावळातून इतके सारे वाहून गेल्यावर मावळच्या माणसाला स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या सायकलीने जाण्यासाठी काय उरले, हा प्रश्न म्हणून मला किरकोळ वाटत नाही.

उरले ते असे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांत डांबरी रस्ता सोडला की मुरमाच्या वाटा लागतात. गावातून वाडीकडे, वाडीतून माळाकडे, धरणाच्या काठाने, भाताच्या खाचरांमधून त्या जातात. लोणावळ्याहून तुंगार्ली आणि वळवण मागे टाकून राजमाचीखालच्या उधेवाडीपर्यंत जाणारा, पंधरा-सोळा किलोमीटरांचा आणि वर्षानुवर्षे बव्हंशी कच्चा राहिलेला रस्ता हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण. अलीकडे पुण्या-मुंबईचे तरुण जाड टायरच्या सायकली घेऊन अशा वाटा शोधीत येतात. परदेशात ह्या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात आणि त्यासाठी हजारो रुपयांच्या, क्वचित लाखांच्याही सायकली विकल्या जातात. वाट मात्र तीच, जिच्यावरून आपला दूधवाला कॅन लटकावून रोज डेअरीवर जातो.

ह्या सुखवस्तू पाहुण्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? त्याला शत्रू मानणे ही चूक ठरेल. सायकल आणि समाजवाद यांचे नाते जुने आहे. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ ह्या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ साली बर्मिंगहॅम येथे सायकल मंडळ स्थापन केले. कारखान्यातील कामगार सुट्टीच्या दिवशी सायकलीवरून खेड्यांत जात आणि सोबत पत्रके नेत. पुढे १९३२ साली मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट ह्या जमीनदारांनी बंद केलेल्या डोंगरावर शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले; १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलीलाही मुभा मिळाली. ज्या निर्वेध वाटांचे तेथील पर्यटक आज कौतुक करतात, त्यांच्यामागे असा लढा आहे.

आपल्याकडे सायकल हे मौजेच्या आधी मुक्तीचे साधन आहे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना आणली. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि शाळा तीन किलोमीटरांहून दूर असेल तेथे हा परिणाम विशेष दिसला. मावळातील किती वाड्यांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटरांच्या आत आहे, ते आपण येथे बसलेल्यांनीच सांगावे. मुलीच्या हाती सायकल दिली आणि तिला मालमोटारींच्या रांगेत सोडले, तर आईवडील दुसऱ्याच दिवशी ती सायकल माळ्यावर टाकतील. मोटारींपासून मुक्त अशी वाट ही त्या सायकलीइतकीच गरजेची आहे.

आता ह्या वाटा नाहीशा कशा होतात ते पाहू. पवना जलाशयाच्या भोवती आणि लोणावळ्याच्या परिसरात बंगल्यांचे भूखंड पडले, तंबूंची वस्ती आली. भूखंडातून जाणारी वाट बंद केली की भूखंडाची किंमत वाढते. कारण गिऱ्हाइकाला एकांत हवा असतो. तारेच्या कुंपणाने जी किंमत वाढली ती मालकाने निर्माण केलेली नसते. गावाच्या सामाईक हक्काचे रूपांतर एकाच्या विक्रीमूल्यात झालेले असते. ह्यात मालकाचा लाभ मोठा आणि एकवटलेला, तर गावकऱ्याचे नुकसान थोडे थोडे आणि पांगलेले: कोणाला अर्धा मैल वळसा, कोणाची गुरे अडली. एवढ्यासाठी एकटा माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवीत नाही. म्हणूनच हे काम संघटनेचे आहे.

कायदा ह्या बाबतीत पूर्णतः विरोधात नाही. गावनकाशा काढून पाहा. तुटक दुहेरी रेषेने दाखविलेली ती गाडीवाट. तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषेची ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. खाजगी मालकीच्या नसलेल्या सार्वजनिक वाटा शासनाच्या मालकीच्या, असे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे २० वे कलम सांगते. १४३ व्या कलमाखाली शेताच्या बांधावरून वाट मागता येते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमाप्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते. अट एवढीच की अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज व्हावा. ही मुदत किती जणांना ठाऊक असते?

दुसरा धोका मोटारींचा. पावसाळ्यात जीपगाड्या आणि मोटारसायकली चिखल तुडविण्याच्या हौसेने कच्च्या वाटांवर येतात. काजव्यांच्या दिवसांत राजमाचीच्या वाटेवर गर्दी लोटते. ओल्या मुरमात चाकोऱ्या पडतात, पाणी त्यांतून धावते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाटेचा ओढा होतो. सायकलीने वा बैलगाडीने जी झीज वर्षात होत नाही ती अशी एखाद्या शनिवार-रविवारी होते.

येथे गावकरी एक आक्षेप घेतील आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतील, शहरी माणसाला कच्ची वाट रम्य वाटते, कारण बाळंतिणीला झोळीतून तिच्यावरून न्यावे लागत नाही. हे खरे आहे. प्रत्येक वाडीला बारमाही पक्का रस्ता आणि एस.टी. मिळालीच पाहिजे, पाहुण्यांच्या हौसेपायी कोणाचा डांबरी रस्ता अडता कामा नये. पण त्या मुख्य रस्त्याखेरीज गावाला आणखी पाच-दहा वाटा असतात. त्या सगळ्यांवर काँक्रीट ओतल्याने शेतकऱ्याची सोय किती होते आणि भूखंडवाल्याच्या मोटारीची किती, हे तपासले पाहिजे. मुरमाची वाट नीट राखायची तर तिला मधोमध उंचवटा, दोन्ही कडांना चर, ओढ्यावर मोरी आणि दर पावसाळ्यानंतर डागडुजी लागते. ह्या कामात यंत्र कमी आणि मजुरी जास्त. १९७७ च्या कायद्याने रोजगाराची हमी देणाऱ्या महाराष्ट्राला अशी कामे नवी नाहीत. हा पैसा कंत्राटदाराच्या मिक्सरमध्ये न जाता गावातील हातांत जाईल.

तेव्हा माझी सूचना चार गोष्टींची आहे. प्रत्येक गावात दोन कार्यकर्त्यांनी गावनकाशा घेऊन वाटा पायी वा सायकलीने तपासाव्यात. कोणती चालू, कोणती अडली, कधीपासून अडली, याची नोंद करावी. ती यादी ग्रामसभेत वाचून ठराव करावा. सहा महिन्यांच्या आतील अडथळ्यांसाठी अर्ज प्रथम द्यावेत. आणि मुख्य रस्त्याव्यतिरिक्तच्या वाटा शेतीची व गावकऱ्यांची वाहने सोडून इतर मोटारींना बंद कराव्यात, अशी मागणी धरावी. शहरातील सायकलस्वार ह्या कामी सोबत येत असतील तर त्यांना अवश्य घ्यावे. नकाशे वाचणे, छायाचित्रे काढणे, अर्ज लिहिणे ही कामे ते चांगली करतील. त्यांनी वाडीत चार घास खाल्ले तर त्याचे रास्त दामही वाडीला मिळावेत.

ह्या कामाला सुरुवात करण्यासाठी कोणत्याही निधीची वाट पाहावी लागणार नाही. भातकापणी आटोपली की माळ मोकळे होतात आणि वाटा स्पष्ट दिसू लागतात. तोवर नकाशे हाती यावेत आणि पहिल्या दहा गावांच्या याद्या पुढच्या वर्गात ह्या टेबलावर असाव्यात, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी थांबतो.