स्वभावाला औषध आहे काय?

(वार्षिक सर्वसाधारण सभेनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



‘व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र’ हा विषय माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. विषय पुस्तकी वाटतो खरा. परंतु बाह्यरुग्ण विभागात तो दररोज कानी पडतो. रुग्णाची हकिकत विचारली की नातेवाईक आजाराआधी स्वभाव सांगू लागतात. “पहिल्यापासूनच तापट”, “मनात कुढणारी”, “आतल्या गाठीचा”. आणि बोलण्याच्या शेवटी बहुधा ती जुनी म्हण येते : स्वभावाला औषध नाही. ही म्हण कितपत खरी आहे आणि ती खरी मानल्याने कोणाचे नुकसान होते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

इंग्रजीतील ‘पर्सनॅलिटी’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. विष्णुदास भावे यांनी 1843 साली ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीच्या श्रोत्यांना मुखवटा म्हणजे काय हे सांगावयास नको. आपला ‘व्यक्ती’ हा शब्द मात्र नेमका उलट दिशेने जातो. जे आत आहे ते प्रकट होणे, व्यक्त होणे, असा त्याचा भाव. माणूस म्हणजे त्याने लोकांपुढे धरलेला चेहरा की आतून प्रकट होणारे काही, हा या शास्त्रातील जुना वाद दोन भाषांच्या दोन शब्दांतच दिसतो.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार पुरातन आहे. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून चार स्वभाव कल्पिले. आपल्याकडे वात, पित्त, कफ यांवरून प्रकृती ठरविली गेली. चरकसंहितेत तर सात्त्विक सात, राजस सहा आणि तामस तीन असे मनाचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. परंतु सातारा-सांगलीच्या श्रोत्यांपुढे बोलताना सज्जनगडाकडे दृष्टी वळल्यावाचून राहत नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातील दुसरे दशक म्हणजे स्वभावलक्षणांची एक विस्तृत नोंदवहीच आहे. मूर्ख, उत्तम, विरक्त यांची लक्षणे तेथे आहेत, तीन गुणांवर स्वतंत्र समास आहेत आणि अखेरीस पढतमूर्ख आहे. शिकूनसवरून शहाणपण न आलेल्या या माणसाचे समर्थांचे निरीक्षण आम्हा पदवीधरांना आजही बोचते. महत्त्वाची गोष्ट अशी की समर्थ माणसाला एखाद्या खान्यात कायमचे टाकीत नाहीत. लक्षणे ऐकून मूर्खाच्याही अंगी चातुर्य यावे, हा त्यांचा हेतू आहे. चौदाव्या दशकातील चातुर्यलक्षणाच्या समासात तर ते सहजगुण आणि आगंतुक गुण असा स्पष्ट भेद करतात. रूपासारख्या सहजगुणावर उपाय चालत नाही, आगंतुक गुणांची मात्र कास धरता येते. आधुनिक मानसशास्त्र ज्या प्रश्नाभोवती शंभर वर्षे फिरत आहे, तो प्रश्न हाच.

फ्रॉइड आणि युंग यांच्याविषयी आपण सर्वांनीच थोडेफार वाचलेले असते. ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ ही जोडी युंगने 1921 साली आपल्या ग्रंथातून रूढ केली आणि ती मराठीत इतकी मुरली की परकी वाटत नाही. मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा मार्ग. 1936 साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. जो गुण व्यवहारात खरोखर महत्त्वाचा असतो त्याला लोक नाव देतातच, हे यामागील गृहीतक. मराठीत हा उद्योग करून पाहावा : तिरसट, हेकट, भिडस्त, लोचट, सोशिक, धांदरट, अघळपघळ, एककल्ली. आपल्या आजीबाईंचा शब्दसंग्रह कोणत्याही प्रश्नावलीला हार जाणार नाही.

अशा शब्दांची पुढे संख्याशास्त्रीय छाननी झाली आणि पाच मोठे गुणविशेष हाती आले : बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. हे माणसांचे पाच प्रकार नव्हेत. उंचीप्रमाणे प्रत्येक गुण प्रत्येकात कमीअधिक असतो आणि बहुतेक माणसे मधल्या भागात असतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की माणसामाणसांत या गुणांबाबत जो फरक आढळतो, त्याचा साधारण निम्मा वा त्याहून थोडा कमी भाग आनुवंशिक असतो. म्हणजे सहजगुण आहेत. पण सर्व काही सहज नाही.

1968 साली वॉल्टर मिशेल यांनी या गुणवादालाच आव्हान दिले. माणूस कसा वागेल हे त्याच्या गुणांपेक्षा प्रसंगावर अधिक अवलंबून असते, असा त्यांचा रोख होता. साताऱ्याला हे पटविण्यासाठी परदेशी प्रयोगांची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली येथे वसतिगृह काढले आणि निरनिराळ्या जातींची मुले एका छताखाली, एका पंक्तीला आणि एकाच श्रमाला लावली. मुलांची जात वा घराणे पाहून त्यांचा ‘स्वभाव’ आधीच सांगणारे पुष्कळ होते. परिस्थिती पालटली की त्या भाकितांचे काय होते, हे रयत शिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी दाखवून दिले. आज गुण विरुद्ध प्रसंग हा वाद बराचसा निवळला आहे. एका दिवसाचे वागणे प्रसंगावर ठरते, वर्षांची सरासरी गुणांवर, असे स्थूलमानाने म्हणता येते.

आता रुग्णालयाशी ज्याचा थेट संबंध आहे त्या भागाकडे येतो.

1950 च्या दशकात फ्रीडमन आणि रोझेनमन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी ‘अ वर्गा’चे व्यक्तिमत्त्व मांडले : सदा घाईत असलेला, स्पर्धाखोर, चटकन संतापणारा मनुष्य. सुमारे 3,000 पुरुषांची साडेआठ वर्षे पाहणी झाली आणि अशा माणसांत हृदयविकार जास्त आढळला. कल्पना जगभर पसरली. पुढील अभ्यासांत मात्र ती तशी टिकली नाही. त्याच पाहणीतील हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचा 1988 साली आढावा घेतला, तेव्हा ‘अ वर्गा’चे लोक उलट अधिक जगल्याचे दिसले. थोडेफार वजन उरले ते केवळ वैरभावाला. दरम्यान या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी सढळ हाताने पैसा पुरविला होता, हे त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झाले. कारण सरळ आहे. दोष स्वभावाकडे गेला की सिगारेट सुटते.

कर्करोगाबाबत तर याहून वाईट घडले. हान्स आयझेंक हे या शास्त्रातील मोठे नाव. भावना दाबून ठेवणाऱ्या माणसाला कर्करोग होतो, असे सांगणारे निबंध त्यांनी एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. 2019 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने चौकशी करून त्यांपैकी 26 निबंध विश्वासार्ह नसल्याचा निर्वाळा दिला. तोवर आयझेंक यांच्या निधनाला 22 वर्षे लोटली होती. आणि ही समजूत घराघरांत पोहोचली होती. “मनात कुढत राहिली, म्हणून गाठ झाली,” हे वाक्य रुग्णाच्या उशाशी बसून बोलले जाते. आजाराचे दुःख कमी नाही, त्यावर अपराधाचे ओझे कशाला? येथे बसलेल्या आप्तांना मी आग्रहाने सांगतो, या वाक्याला शास्त्राचा आधार नाही.

याच्या उलट बाजूचे नुकसान अधिक मूक असते. खरा आजार स्वभाव समजून सोडून दिला जातो. विशीतील मुलगा मित्रांना टाळू लागतो, अंघोळ सोडतो, कोणीतरी पाळतीवर आहे म्हणतो. घरचे म्हणतात, एककल्ली झाला. छिन्नमनस्कतेच्या उपचारांची पहिली मोलाची वर्षे अशी जातात. सुनेचा आळस थायरॉइडच्या कमतरतेचा असू शकतो. साठीतील गृहस्थ भिडस्त असता अकस्मात अचकट विचकट बोलू लागले, तर मेंदूच्या पुढील भागाची तपासणी हवी. 1848 साली अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण शांत, जबाबदार गेज शिवराळ आणि चंचल झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदविले. पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. पुढे हाच गेज चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकीत होता. नियमाच्या दिनचर्येत त्याचे वागणे पुष्कळ सावरले असावे, असे आज मानले जाते.

तेव्हा आप्तांना माझी विनंती आहे ती एका साध्या फरकाची. जे लहानपणापासून, सर्वत्र, सर्वांशी दिसत आले ते स्वभावाकडे मोडते. जे अमुक महिन्यापासून सुरू झाले, ज्याने झोप, भूक वा काम बिघडविले, ते आम्हाला दाखवावे. “केव्हापासून?” हा प्रश्न आम्ही वारंवार विचारतो तो याचसाठी.

राहता राहिली म्हण. 2017 साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 207 अभ्यास एकत्र तपासले. सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनंतर रुग्णांच्या स्वभावगुणांत, विशेषतः भावनिक अस्थिरतेत, मोजता येण्याजोगा फरक पडला होता आणि उपचार थांबल्यावरही तो बराचसा टिकला होता. तापट माणूस शांतिब्रह्म होत नाही. परंतु घर त्याच्यासोबत राहू शकेल इतके अंतर कापले जाते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. ज्यांना येथवर येणे अवघड आहे, त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. आपल्या शंका आता अवश्य विचाराव्यात. ज्यांना सभेत विचारणे प्रशस्त वाटत नसेल, त्यांच्यासाठी मी सभेनंतर थांबणार आहे.