‘करेक्ट’ म्हणजे अस्सल नव्हे

श्रोतेहो, जुन्या लष्करी बंदुकांच्या अमेरिकेतल्या लिलावांत ‘करेक्ट’ हा शब्द सर्रास चालतो, आणि या छंदाचं सर्वांत मोठं नुकसान याच शब्दानं केलं आहे असं माझं ठाम मत आहे. विंचेस्टरची मॉडेल १८९७ ही पंप-शॉटगन घ्या. ही रचना ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्र-रचनाकाराची, पण तिच्या जन्मकथेत शिरत नाही. वीस इंची नळी, तिच्यावर भोकं पाडलेलं पोलादी कवच आणि पुढे संगीन अडकवायची सोय, अशी तिची खंदकातली आवृत्ती म्हणजे ट्रेंच गन. पहिल्या महायुद्धातल्या कवचावर भोकांच्या सहा रांगा असत, १९४२ मध्ये चार रांगांचं कवच आलं. आता १९१८ची बंदूक चार रांगांचं कवच घेऊन लिलावात आली, की जाणकार नाक मुरडतात. मग कुणीतरी सहा रांगांचं जुनं कवच मिळवून बसवतो आणि बंदूक ‘करेक्ट’ ठरते. भाग योग्य काळाचे आहेत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ते याच बंदुकीचे आहेत असं तो सांगत नाही, पण बोली लावणारा नेमकं तेच ऐकतो.

सगळ्यांना १९१८चीच बंदूक का हवी असते, हे सांगायला थोडा वेळ घेतो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीनं या शॉटगनविरुद्ध अमेरिकेकडे अधिकृत निषेध नोंदवला. अनावश्यक यातना देणारी शस्त्रं हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धनियमांनी निषिद्ध आहेत, म्हणून अशी बंदूक किंवा तिची काडतुसं बाळगणाऱ्या युद्धकैद्याला देहदंड होईल, असं बजावलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लान्सिंग यांनी हरकत फेटाळली आणि धमकी अमलात आणलीत तर जशास तसं उत्तर मिळेल असं कळवलं. नोव्हेंबरात युद्धच संपलं. विषारी वायू वापरणाऱ्या सैन्यानं छऱ्यांबद्दल तक्रार करावी, हा विरोधाभास तेव्हाही लोकांच्या ध्यानात आला होता. या प्रकरणानं बंदुकीला कीर्ती दिली, कीर्तीनं किंमत वाढवली आणि किमतीमागून बनावट बंदुका आल्या. पण १९१८च्या अस्सल बंदुकांपैकी कितीतरी पुढे दुसऱ्या महायुद्धातही वापरात होत्या. लष्करी शस्त्रागारांनी त्या दुरुस्त केल्या, भाग बदलले, दस्त्यावर आपले शिक्के मारले. तिथे बदललेलं चार रांगांचं कवच हा त्या बंदुकीच्या सेवेचा पुरावा आहे. ते काढणारा संग्राहक पुरावाच पुसतो.

वेळ थोडा उरल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून अशी बंदूक पारखायची कशी, याकडे येतो. नळीवर ‘सिल’, म्हणजे सरळ छिद्राची खूण हवी. ‘फुल’, म्हणजे टोकाशी आवळलेल्या छिद्राची खूण असलेली आखूड नळी शिकारीच्या बंदुकीची कापलेली असते. पोलिसांच्या रायट गनलाही तशीच वीस इंची नळी असते, त्यामुळे एवढ्यावर थांबता येत नाही. कवचाचे स्क्रू बसण्यासाठी नळीच्या पोटाला खाचा असतात. खाचेच्या आतला रंग नळीच्या जुन्या रंगाशी जुळतो का, की तिथे ताजा कानशीचा घाव दिसतो? कवचाखालचं पोलाद वर्षानुवर्षं झाकलेलं वाटतं का? माझ्या लेखी सुट्या भागांच्या यादीपेक्षा या झिजेची साक्ष मोठी.

मागच्या रांगेतून आक्षेप येतो आहे की शस्त्रागाराचे शिक्केही खोटे मारता येतात. येतात, मान्य, आणि म्हणूनच शिक्का एकटा वाचायचा नसतो. दुसरा आक्षेप असा की कारखान्यातून आली तशी राहिलेली बंदूक अधिक दुर्मीळ, मग तिला जास्त पैसे का देऊ नयेत? जरूर द्यावेत. माझा वाद किमतीशी नाही, दुरुस्त बंदुकीला खोटी म्हणण्याशी आहे. आपल्याकडची फिरंग तलवार आठवा. पातं युरोपचं, मूठ दख्खनी. तिला कुणी नकली म्हणत नाही, कारण वापरणाऱ्यांनीच ती तशी घडवली. मग रणांगणासाठी लष्करानंच बदललेल्या बंदुकीला वेगळा न्याय का?

घंटा झाली. लिलाव करणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. सहा रांगांचं कवच नंतर बसवलं असेल, तर उतरवलेलं चार रांगांचं कवचही त्याच बंदुकीसोबत विकायला ठेवा, आणि ते कुणी, कधी काढलं हे कॅटलॉगात छापा.